दिवाणखान्यातील संगणक आणि त्याचे धनी

या व्याख्यानमालेत थोर पुरुषांची चरित्रे, लढायांचे इतिहास, राज्यघटनेचे मर्म असे विषय येत असताना आम्ही टीव्हीखालच्या फळीवरील एका लहानशा पेटीवर बोलावयास उभे राहिलो आहोत, याचे काही श्रोत्यांना आश्चर्य वाटेल. वाटू द्यावे. आमचे बहुतेक आयुष्य कामगार संघटनेत गेले आणि त्या कामात एक प्रश्न आमच्या अंगवळणी पडला : यंत्र कोणाच्या हुकमाने चालते? कारखान्यात त्याचे उत्तर सर्वांस ठाऊक असते. परंतु स्वतःच्या पैशाने घेतलेल्या, स्वतःच्या घरात ठेवलेल्या आणि स्वतःच्या विजेवर चालणाऱ्या यंत्राविषयीही तोच प्रश्न विचारावा लागतो, आणि 'घरधन्याच्या हुकमाने' असे उत्तर दर वेळी येतेच असे नाही. या प्रश्नावरून अमेरिकेत व युरोपात गेली काही दशके झटापट चालली आहे. ती कोर्टात झाली, बाजारात झाली आणि पुष्कळशी हौशी माणसांच्या घरातील टेबलावर झाली. तिची हकीकत येथे सांगावयाची आहे.

वस्तू कोणती ते आधी सांगू. टीव्ही म्हणजे मूळचा नुसता पडदा. त्याला एक लहान संगणक जोडावा, त्यात घरचे फोटो, गाणी, चित्रपट भरून ठेवावेत, टीव्हीवरचे कार्यक्रम परस्पर टिपून घेण्याची सोय करावी, आणि दहा फुटांवरच्या खुर्चीतून रिमोटने हे सारे चालवावे, की झाला दिवाणखान्यातील संगणक. त्याला तिकडे 'होम थिएटर पीसी' म्हणतात. कचेरीतला संगणक घुरघुरला तरी चालतो. हा घुरघुरला तर नायिकेच्या कुजबुजण्यातले एक अक्षर ऐकू यावयाचे नाही. म्हणून तो गार राहिला पाहिजे, गप्प राहिला पाहिजे आणि पाहुण्यांच्या नजरेला खुपता कामा नये.

या यंत्राच्या जन्माआधी एक मोठा खटला होऊन गेला होता. सोनी कंपनीच्या बीटामॅक्स या व्हिडिओ रेकॉर्डरविरुद्ध युनिव्हर्सल आणि डिस्ने या चित्रपट कंपन्यांनी १९७६ साली दावा लावला. घरात बसून टीव्हीवरचा कार्यक्रम टिपून घेणे म्हणजे आमच्या मालाची चोरी, असे त्यांचे म्हणणे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी १९८४ रोजी निकाल दिला, आणि तो पाच विरुद्ध चार अशा निसटत्या मताधिक्याने. लागलेला कार्यक्रम सवडीने पाहण्यासाठी घरी टिपून ठेवणे हा गुन्हा नव्हे, असे न्यायालय म्हणाले. त्याच सुमारास आमच्याकडे चाळीचाळींतून वर्गणी काढून एका रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने येत असे, आणि पहाटेपर्यंत तीन-तीन चित्रपट ओळीने पाहून माणसे तशीच पहिल्या पाळीला जात. त्या जातीच्या यंत्राचे भवितव्य सातासमुद्रापलीकडे एका न्यायाधीशाच्या मतावर लोंबकळत होते, हे आम्हां कोणाच्या गावीही नव्हते.

संगणकाला टीव्हीशेजारी बसवण्याचे पहिले प्रयत्न कंपन्यांनीच केले आणि ते फसले. ॲपलने १९९३ साली मॅकिंतॉश टीव्ही नावाचा काळा संच काढला. एका वेळी एक तर संगणक नाही तर टीव्ही, अशी त्याची तऱ्हा, आणि थोड्याच महिन्यांत तो बंद झाला. गाईच्या अंगावरच्या ठिपक्यांची खोकी काढणाऱ्या गेटवे कंपनीने १९९६ साली ३१ इंची पडद्याचा 'डेस्टिनेशन' आणला. किंमत काही हजार डॉलर. एवढ्या किमतीत तो घेणार कोण?

खरी सुरुवात १९९९ साली झाली. त्या वर्षी टिवो आणि रिप्ले टीव्ही ही दोन यंत्रे अमेरिकेत बाजारात आली. टेपऐवजी हार्ड डिस्कवर कार्यक्रम टिपायचे, चालू कार्यक्रम मध्येच थांबवून चहा घेऊन यावयाचे, पुन्हा तेथूनच पुढे पाहावयाचे, ही करामत लोकांना फार आवडली. रिप्ले टीव्हीच्या २००१ सालच्या नव्या यंत्राने आणखी एक पाऊल टाकले. ते जाहिराती आपोआप गाळी. लागलीच चित्रपट व टीव्ही कंपन्यांनी दावे ठोकले. यंत्र बनवणाऱ्या सॉनिकब्लू कंपनीचे २००३ साली दिवाळे निघाले. दाव्यांचा खर्च हे त्याचे एकमेव कारण नसले तरी एक कारण होतेच. कायद्याचा निकाल लागण्यापूर्वीच वकिलांच्या बिलांनी निकाल लावला. कामगार न्यायालयाच्या पायऱ्या झिजवलेल्या आमच्या मित्रांना ही युक्ती नव्याने समजावून सांगावयास नको.

टिवोची कथा निराळी आणि आमच्या मते अधिक बोधक आहे. या यंत्राच्या पोटात लिनक्स होते, म्हणजे जगभरच्या शेकडो लोकांनी लिहिलेले आणि सर्वांना मोकळे ठेवलेले सॉफ्टवेअर. ते वापरणाऱ्याने आपण केलेले फेरबदलही मोकळे ठेवले पाहिजेत, अशी त्याच्या परवान्याची अट आहे. टिवोने ती अट अक्षरशः पाळली. सारा मजकूर लोकांना दिला. परंतु नंतरच्या यंत्रांत अशी व्यवस्था केली की कंपनीची सही असलेलेच सॉफ्टवेअर त्यावर चालावे. तुम्ही तो मजकूर घ्या, वाचा, सुधारा. सुधारलेला परत त्याच यंत्रात घालू गेलात तर यंत्र चालणार नाही. वहिवाटीचा कागद हातात दिला आणि घराची किल्ली मात्र कमरेला ठेवली! या प्रकाराला पुढे 'टिवोकरण' असेच नाव पडले, आणि तो रोखण्यासाठी रिचर्ड स्टॉलमन यांच्या संस्थेने २९ जून २००७ रोजी परवान्याची तिसरी आवृत्ती काढली. लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्डस यांनी मात्र ती आपल्या कामाला लावली नाही. चळवळीत मतभेद असतातच. तेही असो.

इकडे हौशी मंडळी स्वस्थ बसली नव्हती. जर्मनीत क्लाउस श्मिडिंगर यांनी २००० साली व्हीडीआर नावाचे टिपणी-सॉफ्टवेअर लिहिले. अमेरिकेत आयझॅक रिचर्डस यांनी केबल कंपनीच्या पेटीला कंटाळून २००२ साली मिथटीव्ही सुरू केले. जुना संगणक घ्यावा, टीव्हीचे कार्ड बसवावे, हे सॉफ्टवेअर घालावे, की टिवोचे काम फुकटात आणि त्याच्या अटींशिवाय. परंतु एक अडचण राहिली. कोणता कार्यक्रम कधी लागणार, हे यंत्राला सांगायचे कोणी? ते वेळापत्रक एका अमेरिकन कंपनीकडून हौशी लोकांना मोफत मिळत असे. १ सप्टेंबर २००७ पासून ते बंद झाले.

त्या वेळी जे घडले ते सांगताना आम्हांला विशेष आनंद होतो. मिथटीव्ही आणि तिच्या भावंड प्रकल्पांतील मंडळींनी एकत्र येऊन 'शेड्यूल्स डायरेक्ट' नावाची, नफा न घेणारी संस्था काढली, सभासद जमवले, आणि सर्वांच्या वतीने वेळापत्रक घाऊक भावाने विकत घेतले. वर्गणी पुढे वर्षाला २० डॉलरवर आली. आमच्याकडे गिरणगावात ग्राहक भांडार ज्या हिशेबाने चालावयाचे, तोच हा हिशेब. एकटा माणूस ज्या दुकानाच्या दारात उभा राहू शकत नव्हता, तेथे सगळे मिळून गेले. गहू-साखरेऐवजी टीव्हीचे वेळापत्रक, इतकाच फरक.

आता या इतिहासातील सर्वांत रंगतदार प्रकरणाकडे येऊ. मायक्रोसॉफ्टने १५ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकेत एक्सबॉक्स हे खेळाचे यंत्र आणले. नाव खेळण्याचे, पण आत सगळा संगणकच : ७३३ मेगाहर्ट्झचा इंटेल प्रोसेसर, ६४ मेगाबाइट स्मृती, ८ गिगाबाइटची हार्ड डिस्क, डीव्हीडी चालवण्याची सोय आणि टीव्हीला थेट जोडणी. किंमत २९९ डॉलर. त्या पैशात तसा संगणक जुळवणे कोणालाच परवडले नसते. कंपनी यंत्रावर खोट खाऊन खेळांच्या तबकड्यांवर ती भरून काढणार होती. म्हणूनच यंत्राला कुलूप होते, आणि मायक्रोसॉफ्टने मान्य केलेले तेवढेच त्यावर चाले.

एम.आय.टी. या विद्यापीठातील अँड्र्यू हुआंग या विद्यार्थ्याने २००२ साली ते कुलूप कसे आहे ते शोधले. यंत्राच्या आतील एका जोडमार्गावरून गुप्त किल्ली क्षणभर धावते हे हेरून त्याने तेथेच तारा लावल्या आणि ती टिपून घेतली. त्यावर त्याने पुस्तक लिहिले, तर ठरलेला प्रकाशक कायद्याच्या धास्तीने मागे हटला. अमेरिकेत १९९८ साली असा कायदा झाला होता की कंपनीने लावलेले कुलूप उघडणे हाच एक अपराध, मग आतली वस्तू तुमची का असेना. हुआंगने पुस्तक स्वतः छापले.

कुलूप निघाल्यावर लोकांनी त्या यंत्रावर काय चालवले? खेळ चोरणारे होतेच, नाही कशाला म्हणा. परंतु काही तरुणांनी त्यासाठी चित्रपट दाखवणारे सॉफ्टवेअर लिहिण्यास घेतले. २९ जून २००४ रोजी त्याची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली : एक्सबॉक्स मीडिया सेंटर, संक्षेपाने एक्सबीएमसी. निरनिराळ्या देशांतली ही मंडळी. पुष्कळांनी एकमेकांची तोंडेही पाहिली नव्हती. पगार नाही, मुकादम नाही. त्यात एक गंमत अशी की सॉफ्टवेअर यंत्रासाठी तयार स्वरूपात वाटता येईना, कारण ते तसे तयार करावयाची हत्यारे मायक्रोसॉफ्टची होती. मग हे लोक फक्त मूळ मजकूर वाटत, जणू स्वयंपाकाची कृती. भाकरी ज्याची त्याने भाजून घ्यावी.

कोणत्याही कंपनीच्या यंत्राहून ते सरस ठरले. कुठलाही चित्रपट, कुठल्याही धाटणीत साठवलेला असो, ते मुकाट दाखवी. अर्थात त्याच्या पोटात इतरांचे कष्ट होते. चित्रे उलगडण्याचे अवघड काम करणारे एफएफएमपेग हे सॉफ्टवेअर फ्रान्समधील फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केले होते. अशी कामे एकमेकांच्या खांद्यावर उभी असतात. नोव्हेंबर २००८ मध्ये एक्सबीएमसी साध्या संगणकांवरही चालू लागले. त्यातून प्लेक्स आणि बॉक्सी या दोन शाखा फुटून धंद्यात उतरल्या. त्यांपैकी बॉक्सी २०१३ साली सॅमसंगने विकत घेतली. मूळ खोड मात्र ना-नफा संस्थेच्या हातीच राहिले, आणि २०१४ साली त्याने 'कोडी' हे नाव घेतले.

मायक्रोसॉफ्टने स्वतःही या क्षेत्रात हात घातला होता. विंडोज एक्सपी मीडिया सेंटर एडिशन २००२ च्या अखेरीस निघाले, आणि ते खरोखर चांगले होते. आमचा कंपन्यांशी कितीही वाद असला तरी चांगल्या कामाला चांगले म्हटले पाहिजे. पण २०१२ च्या विंडोज ८ मध्ये त्यासाठी वेगळे पैसे मागू लागले, आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये ते काढूनच टाकले. ज्यांनी घरात वर्षानुवर्षे त्यावर कार्यक्रम टिपून ठेवले होते, त्यांना कोणी विचारले नाही.

यंत्रेही या काळात लहान होत गेली. तैवानच्या व्हिया कंपनीने १७ सेंटिमीटर चौरस पाटी काढली, ती पंख्याशिवायही चाले. २००५ सालचा मॅक मिनी दोन्ही तळहातांवर मावे.

२००५ सालच्याच एका लढ्याचा मात्र येथे सविस्तर उल्लेख केला पाहिजे. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने नोव्हेंबर २००३ मध्ये नियम केला की १ जुलै २००५ नंतर बनणाऱ्या प्रत्येक डिजिटल टीव्ही-यंत्राने प्रक्षेपणातील एक छुपी खूण ओळखावी आणि ती असेल तर कार्यक्रमाची मोकळी प्रत होऊ देऊ नये. म्हणजे आकाशातून फुकट येणारे प्रक्षेपणसुद्धा तुमच्या संगणकाने तुमच्या हुकमाने टिपावयाचे नाही! याविरुद्ध उभे कोण राहिले? ग्रंथपाल. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन इतर संघटनांना बरोबर घेऊन न्यायालयात गेली. दुसरीकडे इलेक्ट्रॉनिक फ्राँटियर फाउंडेशन या संस्थेने लोकांना आवाहन केले, की मुदतीपूर्वीची कार्डे विकत घ्या आणि एकत्र बसून मिथटीव्हीची यंत्रे जुळवा. आधी बनलेल्या यंत्राला हा नियम लागू नाही. त्याप्रमाणे यंत्रजुळणीच्या बैठका झाल्या. हाती पेचकस घेऊन बसलेल्या माणसांची सत्याग्रही सभाच ती. अखेर ६ मे २००५ रोजी, मुदतीला दोन महिने उरले नसताना, वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने सांगितले की प्रक्षेपण घरात पोहोचल्यानंतर यंत्राने काय करावे हे ठरवण्याचा अधिकार आयोगाला कायद्याने दिलेलाच नाही. नियम पडला.

पुढे २९ फेब्रुवारी २०१२ रोजी इंग्लंडात रास्पबेरी पाय नावाची पाटी ३५ डॉलरला विक्रीस आली. मुलांनी संगणकाचे शिक्षण घ्यावे म्हणून ती काढलेली. आकार बँकेच्या कार्डाएवढा. पण तिच्यावर कोडी चालते हे कळताच हजारो घरांत ती टीव्हीमागे जाऊन बसली. तिच्यात जुन्या डीव्हीडीचे चित्र उलगडण्याची शक्ती होती, परंतु पेटंटधारकांचे देणे चुकवल्याशिवाय ती वापरता येत नसे. म्हणून २ पौंड ४० पेन्स भरून त्या एका पाटीपुरती किल्ली घ्यावी लागे. किमतीतला हा भाग एरवी आपणास दिसत नाही. येथे तो उघड बिलावर लिहिलेला होता, हे आम्हांला आवडते. आणखी एक गोष्ट. या पाट्या प्रथम चीनमध्ये बनत, आणि त्याच वर्षी ते काम वेल्समधील पेनकोड येथे सोनीच्या कारखान्यात आणले गेले. तेथे पूर्वी टीव्ही संच बनत. तो धंदा परदेशी गेल्यावर रिकाम्या पडू लागलेल्या छपराखाली टीव्हीमागच्या या पाट्यांचे काम आले. बंद गिरण्यांच्या जागी काय उभे राहिले हे पाहिलेल्या माणसाला ही बातमी वाचून काय वाटले असेल ते श्रोत्यांनीच जाणावे.

मग अशी यंत्रे घरोघर का दिसत नाहीत? सगळे खापर कंपन्यांवर फोडणे हा आमच्या धंद्यातला नेहमीचा मोह आहे, पण तसे करून भागणार नाही. अशा यंत्राला घरात एक मिस्त्री लागतो. रविवारी संध्याकाळी सासूबाई चित्रपट पाहावयास बसल्या आणि पडदा काळा झाला, की मिस्त्रीला ताटावरून उठावे लागते. आणि स्वातंत्र्यावरचे व्याख्यान त्या वेळी घरातले कोणीही ऐकून घेत नाही. २०१३ साली गूगलचे क्रोमकास्ट ३५ डॉलरलाच आले. लावले की चालू. शिवाय मोठ्या चित्रसेवा आपले उत्तम प्रतीचे चित्र स्वतः पारखलेल्या यंत्रांनाच देतात. घरी जुळवलेल्या संगणकाला त्या दुय्यम दर्जाचे चित्र देतात किंवा काहीच देत नाहीत. सोय आणि सक्ती अशा दोन्ही हातांनी गिऱ्हाईक तिकडे ओढले गेले.

कोडीच्या नावालाही बट्टा लागला. चोरीचे चित्रपट दाखवणारी जोडकामे आत भरून काही व्यापारी 'कोडीच्या पेट्या' विकू लागले. युरोपीय न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये असा व्यापार बेकायदा ठरवला, आणि आम्हांला तो निर्णय योग्यच वाटतो. चित्रपटाच्या मागेही मजूर असतात. प्रकाशयोजना करणारा, गाणे वाजवणारा, संवाद लिहिणारा. त्यांची मजुरी बुडवून मिळणारे स्वातंत्र्य आम्हांला नको. परंतु त्या मजुरांची बाजू आम्ही घेतो असे सांगणाऱ्या कंपन्यांचे वर्तन कसे होते, हेही पाहू.

कंपनीच्या हुकमातले यंत्र मागच्या दाराने बातमीही पोहोचवते. फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेतील फुटबॉलच्या अंतिम सामन्यातला कोणता क्षण लोकांनी पुनःपुन्हा मागे नेऊन पाहिला, हे टिवोने जाहीर केले, तेव्हा आपले बोट रिमोटवर कुठे पडते ते कंपनी मोजते आहे हे पुष्कळांना प्रथमच कळले. व्हिझिओ या टीव्ही कंपनीने १ कोटी १० लाख संचांतून लोक काय पाहतात त्याची माहिती त्यांना नीट न सांगता गोळा केली, म्हणून २०१७ साली तिला २२ लाख डॉलर भरावे लागले. म्हणजे कोण काय पाहतो याची खडान्‌खडा नोंद आहे. आता २०२३ सालाकडे वळू. २ मे रोजी अमेरिकेतील पटकथालेखकांनी संप केला, १४ जुलैपासून नटनटीही त्यात उतरले. दोन्ही संघटना एकाच वेळी संपावर जाण्याचा प्रसंग १९६० नंतर प्रथमच आला. १९६० साली भांडण होते ते चित्रपट टीव्हीवर दाखवल्यास वाटा मिळावा म्हणून. २०२३ साली लेखकांच्या मागण्यांत एक अशी होती : आमची मालिका किती तास पाहिली गेली, तो आकडा तरी आम्हांला सांगा. प्रेक्षकाच्या दिवाणखान्यातून निघालेला आकडा कंपनीकडे होता, आणि ज्याच्या लेखणीतून मालिका उतरली त्याला तो माहीत नव्हता. १४८ दिवसांच्या संपानंतर जो करार झाला, त्यात हे आकडे संघटनेला गुप्ततेच्या अटीवर देण्याचे कंपन्यांनी मान्य केले.

आपल्या देशाचा या इतिहासाशी संबंध थोडा आहे, पण आहे. मुंबईत २०१२ च्या अखेरीस केबलसाठी सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. केबलवाला बदलला की बॉक्सही बदलावा लागे. कोणताही बॉक्स कोणत्याही कंपनीवर चालला पाहिजे, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०२० मध्ये केली. आणि फ्रान्समधील विद्यार्थ्यांनी आपल्या वसतिगृहातील संगणक-जाळ्यासाठी १९९६ साली ज्याचा पाया घातला, ते व्हीएलसी हे चित्रपट दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर आपल्यापैकी कित्येकांच्या संगणकात आहे. त्याचे अधिकृत संकेतस्थळ २०२२ साली आपल्याकडे कित्येक महिने बंद ठेवण्यात आले होते. कारण कोणी स्पष्ट सांगितले नाही, आणि लोकांनी कायदेशीर पत्रव्यवहार केल्यावर नोव्हेंबरमध्ये ते खुले झाले.

मार्च २०२५ मध्ये एक प्रसंग घडला. २०१५ सालच्या क्रोमकास्ट यंत्रांतील एका प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत ९ तारखेच्या सुमारास संपली, आणि जगभर ती यंत्रे एकाच वेळी मुकी झाली. यंत्रात बिघाड नव्हता, वीज होती, इंटरनेट होते. गूगलने दुरुस्ती पाठवीपर्यंत काही दिवस मालकांना वाट पाहणे एवढेच काम होते. कुलूप मोडलेल्या २००१ सालच्या एक्सबॉक्ससाठी चित्रपट दाखवण्याचे ते जुने सॉफ्टवेअर काही स्वयंसेवक अजूनही सुधारून देत असतात, आणि ज्यांच्याकडे तसे यंत्र शाबूत आहे त्यांचा टीव्ही त्या आठवड्यातही चालू होता.